समुद्र नसलेल्या साताऱ्या-सांगलीत ज्यांचं नाव रुजलं, त्या वालचंद शेठजींनी एक म्हातारं जहाज घेऊन ब्रिटिश कंपन्यांशी पंगा घेतला होता

सांगलीत रिक्षावाल्याला नुसतं वालचंद म्हटलं तरी तो गाडी विश्रामबागेकडं वळवतो. बारावीला चांगले मार्क पडलेलं पोरगं घरात असलं की पाहुणे एकच विचारतात, वालचंदला नंबर लागला का?

तिकडं सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोडला गेलात तर जुनी माणसं कूपर कारखान्याचा विषय काढतात. आणि हा कारखाना पुढं वालचंद शेठजींच्या उद्योगात कसा गेला, तेही सांगतात.

पण हे वालचंद नेमके होते कोण, असं विचारलं की बऱ्याच जणांची गाडी अडते. कुणी म्हणतं साखर कारखानदार, कुणी म्हणतं पद्मिनी मोटार काढणाऱ्या कंपनीचे मालक. दोन्ही खरंच आहे. पण आपल्या देशात दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस साजरा होतो, तो याच माणसाच्या एका जहाजामुळं.

आता तुम्हाला वाटेल, जहाज मोठं नवंकोरं, नफ्यात चालणारं असणार. तर तसं काही नव्हतं. घेतलं तेव्हाच ते २८ वर्षांचं होतं. कंपनीला त्याच्यापासून फारसं काही मिळालं नाही. चार वर्षांच्या आत ते भंगारात निघालं.

मग अशा जहाजाचा दिवस देश का साजरा करतो? त्यासाठी ही गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातचं, दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्तानं इकडं आलेलं आणि इथंच स्थिरावलेलं. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. वालचंद शिकायला मुंबई-पुण्यात होते, पण शिक्षण अर्धवट सोडून त्यांना धंद्यात यावं लागलं.

आता घरचा धंदा तयार होता, गादीवर बसून हिशोब बघितले असते तरी आयुष्य सुखात गेलं असतं. पण सावकारी आणि कापूस यात त्यांचं मन रमेना.

अशात त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामं कशी निघतात, टेंडर कसं भरायचं, मोजमाप कसं होतं, हे त्यांना माहीत. वालचंद यांच्याकडं भांडवल आणि पत. दोघांनी मिळून फाटक-वालचंद ही भागीदारी सुरू केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं.

एक मराठी कारकून आणि एक गुजराती सावकाराचा मुलगा, सोलापूरच्या उन्हात रुळांखालचा भराव टाकत होते. पुढं जे काही उभं राहिलं त्याचा पाया हा होता.

रेल्वेची कामं वाढत गेली. पुढच्या काळात बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं अवघड कामही त्यांच्याच कंपनीनं केलं. पहिल्या महायुद्धात लष्कराची बांधकामं मिळाली, त्यात चांगला पैसा झाला. ब्रिटिश सरकारची कंत्राटं घेऊन कमावलेला पैसा त्यांनी पुढं ब्रिटिश कंपन्यांशी भांडण्यात घातला, ही या माणसाच्या आयुष्यातली एक मोठी गंमत आहे.

आता वळूया त्या जहाजाकडं.

१८९० साली इंग्लंडमधल्या बॅरो इथल्या गोदीत एक देखणं जहाज पाण्यात उतरलं. नाव होतं एम्प्रेस ऑफ इंडिया, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. हे नाव अर्थातच राणी व्हिक्टोरियाच्या पदवीवरून. मालक होती कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे.

रेल्वे कंपनीला जहाज कशाला हवं होतं? तर या कंपनीनं कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रूळ टाकले होते. रूळ जिथं संपतात तिथून पुढं समुद्र. मग प्रवाशाला गाडीतून उतरवून थेट आपल्याच जहाजात बसवायचं आणि जपान, शांघाय, हाँगकाँगला सोडायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी एकसारखी तीन जहाजं बांधली. इंडिया, जपान आणि चायना, तिन्ही सम्राज्ञी.

जहाज साधारण ५,९०० टनांचं. दोन पंखे, कोळशावर चालणारं इंजिन, ताशी १६ नॉट म्हणजे साधारण ३० किलोमीटरचा वेग. आज हा वेग ऐकून हसू येईल, पण तेव्हा पॅसिफिक महासागरात ही जहाजं वेगवान गणली जायची. टपाल नेण्याचं कंत्राट त्यांच्याकडं होतं.

वरच्या मजल्यावर श्रीमंतांच्या खोल्या, जेवणाचा मोठा दिवाणखाना. खालच्या मजल्यावर शेकडो गरीब प्रवासी. आणि पोटात रेशीम आणि टपालाच्या थैल्या. रेशीम इतकं महाग की व्हॅंकुव्हरला जहाज लागलं की ते खास गाड्यांमधून पूर्वेकडं पळवलं जायचं.

त्याहून खाली, जिथं प्रवासी कधी जात नव्हते, तिथं भट्ट्या होत्या. अशा जहाजाचं खरं पोट तेच. रात्रंदिवस फावड्यानं कोळसा टाकत राहायचा, नाहीतर वाफ कमी पडणार आणि टपाल उशिरा पोचणार.

भट्टीपुढच्या या कामाचा आणि आपल्या मुलखाचा संबंध जुना आहे. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची कितीतरी माणसं राबत होती. खलाशी, त्यांच्यावर टंडेल, त्याच्यावर सारंग आणि भट्टीपुढं आगवाले. आणि मुंबईच्या गोदीत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांत साताऱ्याची, पाटण-जावळीकडची माणसं.

म्हणजे कोळसा आपला माणूस टाकणार, गोणी आपला माणूस उचलणार. पण जहाजाचा मालक, कप्तान आणि भाडं ठरवणारा, तिघंही साहेबच. वालचंद यांनी पुढं ज्या गोष्टीसाठी उभं आयुष्य घातलं, ती हीच गोष्ट होती.

एम्प्रेस ऑफ इंडियानं जवळपास २३ वर्षं पॅसिफिकच्या फेऱ्या मारल्या. मध्ये १९०३ साली एका चिनी युद्धनौकेशी तिची टक्कर झाली आणि युद्धनौकाच बुडाली. तोवर नवी, मोठी जहाजं आली होती. ही मागं पडत चालली होती.

इतक्यात १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी हे जहाज विकत घेतलं आणि त्याचं तरंगतं इस्पितळ केलं. मेसोपोटेमिया, म्हणजे आजच्या इराकमध्ये हिंदी पलटणी लढत होत्या. त्यात सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या मराठा जवानांची संख्या मोठी. जखमींना परत आणायला जहाजं हवी होती.

महाराजांनी जहाजाचं नाव बदललं. नवं नाव लॉयल्टी. मराठीत सांगायचं तर राजनिष्ठा. आपण ब्रिटिशांशी किती एकनिष्ठ आहोत हे दाखवायचा तो काळ होता.

युद्ध संपलं. इस्पितळाची गरज उरली नाही. महाराजांना आता ते जहाज विकायचं होतं, आणि ही बातमी वालचंद यांच्या कानावर एका रेल्वे प्रवासात आली असं सांगितलं जातं.

त्या वेळी जहाजांना सोन्याचा भाव होता. युद्धात शेकडो जहाजं बुडाली होती, माल बंदरात पडून होता, विलायतेला जायला तिकिटं मिळत नव्हती. वालचंद यांनी हिशोब केला आणि माणसं जमवली. मुंबईचे गिरणीमालक नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास. चौघं एकत्र आले.

वालचंद यांना जहाजाच्या धंद्याचा अनुभव किती होता? शून्य. त्यांना रूळ माहीत होते, बोगदे माहीत होते. पण टेंडर भरणाऱ्या माणसाला एक सवय असते. काम आधी घ्यायचं आणि मग ते कसं करायचं हे शिकायचं.

२७ मार्च १९१९ ला कंपनी नोंदली गेली. जहाज शिंद्यांकडून घेतलेलं, म्हणून कंपनीचं नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन.

इथं साताऱ्याच्या लोकांनी जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. ग्वाल्हेरचे शिंदे म्हणजे मूळचे कण्हेरखेडचे पाटील. राणोजी शिंदे याच गावचे. आणि कण्हेरखेड आहे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात. म्हणजे भारतातल्या सगळ्यात नावाजलेल्या जहाज कंपनीला नाव मिळालं ते समुद्रापासून डोंगराआड असलेल्या या तालुक्यातल्या घराण्याचं.

५ एप्रिल १९१९. लॉयल्टी मुंबईहून लंडनकडं निघाली. हिंदी मालकीचं मोठं जहाज विलायतेच्या वाटेवर लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला गांधीजींच्या हाकेवरून रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. आठवड्याभरात जालियनवाला बाग घडलं. आणि त्याच दिवसांत राजनिष्ठा नावाचं एक जहाज ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला धक्का द्यायला समुद्रात होतं. नावं अशी कधीकधी चेष्टा करतात.

पण जहाजाचं वय लपत नव्हतं. लॉयल्टी मुळात श्रीमंत प्रवाशांसाठी बांधलेली. माल भरायला जागा बेताची, पोटाला कोळसा भरपूर आणि वय झालेलं. युद्धानंतरची तेजी ओसरली तसं तिला चालवणं परवडेना. मार्च १९२१ मध्ये ती मुंबईत बांधून ठेवली आणि १९२३ मध्ये भंगारात विकली.

एखाद्यानं इथंच हात टेकले असते. पण तोवर कंपनीनं इंग्लंडमधून मालवाहू जहाजं घेतली होती आणि खरी लढाई या जहाजांवरून सुरू झाली.

समोर होती ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन म्हणजे बी.आय., आणि तिच्याशी एक झालेली पी अँड ओ. दोन्हींच्या मागं एकच माणूस, लॉर्ड इंचकेप. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर कुठला माल कुठल्या भावानं जाणार हे त्याच्या कचेरीत ठरायचं.

या कंपन्यांशी भिडलेले वालचंद काही पहिले नव्हते. जमशेटजी टाटांनी जपानकडं सूत पाठवायला स्वतःची जहाजसेवा काढली होती, पी अँड ओ नं भाव पाडून ती बंद पाडली. तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली. तर बी.आय. नं तिकिटाचा दर इतका खाली आणला की फुकटात प्रवास आणि वर छत्री भेट, इथपर्यंत गोष्ट गेली. पिल्लै तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली.

ब्रिटिश कंपन्यांची खेळी दोन प्रकारची असायची.

एक म्हणजे भाव पाडणं. मोठ्या कंपनीची शंभर जहाजं शंभर मार्गांवर चालतात. त्यातल्या एका मार्गावर तोटा सोसायला तिला काही वाटत नाही. नव्या कंपनीचा मात्र तोच एक मार्ग असतो. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचं भाडं टनाला १८ रुपये होतं. सिंदिया उतरल्यावर ते ६ रुपयांवर आणलं गेलं.

दुसरी खेळी जास्त हुशारीची. व्यापाऱ्याला सांगायचं, तू वर्षभर फक्त आमच्याच जहाजानं माल पाठव, मग भाड्यातला काही भाग तुला परत देऊ. पण पैसे लगेच द्यायचे नाहीत, काही महिने अडकवून ठेवायचे. त्या काळात व्यापाऱ्यानं एक गोणी जरी दुसऱ्याच्या जहाजात टाकली तरी सगळी सूट बुडाली. त्यामुळं मनात स्वदेशी असलं तरी व्यापाऱ्याचे हात बांधलेले असायचे.

इंचकेप यांनी सिंदिया विकत घ्यायचीही तयारी दाखवली. वालचंद आणि त्यांच्या साथीदारांनी कंपनी विकली नाही.

पण तोटा वाढत होता. शेवटी १९२३ मध्ये करार करावा लागला. दहा वर्षांचा करार. सिंदियानं ७५ हजार टनांच्या पुढं जहाजं वाढवायची नाहीत. फक्त किनाऱ्यावरचा माल वाहायचा. प्रवासी वाहतुकीत यायचं नाही. परदेशी मार्गांवर जायचं नाही.

म्हणजे ज्या विलायतेच्या वाटेवर लॉयल्टी गेली होती, तीच वाट कागदावर सही करून बंद झाली. आपण गुलामीचा कागद लिहून दिला ही टोचणी वालचंद यांना कायम राहिली. पण त्या कागदानं एक गोष्ट दिली. कंपनी जिवंत राहिली. टाटांची जहाजसेवा आणि पिल्लैंची कंपनी यांच्यापेक्षा सिंदिया वेगळी ठरली ती इथं.

मग वालचंद यांनी लढाईचं मैदान बदललं. धंद्यात हात बांधले होते, तोंड बांधलेलं नव्हतं. देशाच्या किनाऱ्यावरची वाहतूक देशाच्या जहाजांसाठी राखून ठेवा, ही मागणी त्यांनी लावून धरली. इतर देश हे करतात, मग आम्ही का नाही? १९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी कायदेमंडळात तसं विधेयक आणलं. ब्रिटिशांनी ते होऊ दिलं नाही, पण विषय देशभर गेला.

दुसरी मागणी माणसांची. आपल्या पोरांनी आयुष्यभर आगवालाच राहायचं का? त्यांना कप्तान आणि इंजिनिअर करा. या दबावातून १९२७ मध्ये मुंबईच्या बंदरात डफरिन हे प्रशिक्षण जहाज उभं राहिलं. हेही एक जुनं जहाजच, लष्कराची माणसं वाहणारं. त्यावर हिंदी तरुण पहिल्यांदा अधिकारी म्हणून तयार होऊ लागले.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचा मृत्यू झाला आणि सिंदियाची धुरा वालचंद यांच्याकडं आली. दहा वर्षांचा करार संपला तसा कंपनीनं पुन्हा हातपाय पसरायला सुरुवात केली. १९३७ मध्ये हज यात्रेच्या मार्गावर एल मदिना आणि एल हिंद ही प्रवासी जहाजं उतरवली. पुन्हा तोच प्रकार. समोरच्या कंपनीनं तिकिटं पाडली. पण या वेळी सिंदिया नवखी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात या जहाजांचं काय झालं तेही ऐका. एल मदिना १९४४ मध्ये जपानी पाणबुडीनं बुडवली. एल हिंद त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत झालेल्या भीषण स्फोटात गेली. त्याच स्फोटात सिंदियाचंच जलपद्मा हे जहाज पाण्यातून उचललं जाऊन गोदीच्या शेडवर जाऊन पडलं.

जहाजं घेऊन चालवणं एवढ्यानं भागणार नाही, हे वालचंद यांना फार आधी कळलं होतं. लॉयल्टीनं शिकवलेला धडाच तो होता. दुसऱ्यानं वापरून टाकलेलं जहाज घेतलं की दुसऱ्याची दुखणीही घरी येतात. आणि नवं जहाज घ्यायचं तर ते ज्यांच्याशी भांडतोय त्यांच्याच देशात बांधायला टाकायचं.

मग जहाज इथंच बांधायचं. पण जहाज बांधायचं म्हणजे नुसती गोदी पुरत नाही. ओतकाम हवं, इंजिनं हवीत, यंत्रं हवीत, आणि ते सगळं करणारी शिकलेली माणसं हवीत. इथून वालचंद यांची गोष्ट समुद्रावरून देशावर येते.

आपला हा कृष्णाकाठचा पट्टा त्या काळात भलताच जोरात होता. किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी केली होती आणि लोखंडी नांगर घराघरात पोचवले होते. कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना निघाला होता. आणि सातारा रोडला होता धनजीशा कूपर यांचा कारखाना.

धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी. १९३७ मध्ये काँग्रेसनं सुरुवातीला मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला, तेव्हा काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले ते हेच. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. त्यांच्या कारखान्यात नांगर आणि डिझेल इंजिनं तयार व्हायची. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं स्टेशन, त्यामुळं कच्चा माल येणं आणि तयार माल जाणं सोयीचं.

१९४० च्या सुमारास हा कारखाना वालचंद गटाकडं आला. सातारा रोडची ओतशाळा आणि इंजिनं आता जहाज, साखर आणि बांधकाम करणाऱ्या घराण्याचा भाग झाली. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावानं कंपनीला नाव दिलं होतं, आता त्याच तालुक्यातलं दुसरं गाव लोखंड ओतून देणार होतं.

त्याच सुमारास वालचंद तीन मोठ्या कामांच्या मागं एकाच वेळी लागले होते.

डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळुरूला विमानाचा कारखाना निघाला. हीच आजची हिंदुस्थान एअरोनॉटिक्स. १९४४ मध्ये मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. आणि २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली.

पुढच्याच एप्रिलमध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. ब्रिटिश सरकारला या गोदीत फारसा रस नव्हता. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते एक जहाज पाण्यात उतरलं.

त्याचं नाव जलउषा. वजन वाहायची ताकद ८,००० टन. स्वतंत्र भारतात बांधलेलं पहिलं मोठं पोलादी आगबोट.

राजनिष्ठा ते जलउषा, २९ वर्षं लागली.

आता सगळं गोड झालं असं मात्र नाही. विमानाचा कारखाना १९४२ मध्येच सरकारकडं गेला होता. जहाजबांधणी परवडत नव्हती. इथं बांधलेलं जहाज विलायती जहाजापेक्षा महाग पडायचं आणि सरकारी मदतीशिवाय गोदी चालणं अवघड होतं. १९५२ मध्ये तिची बहुतांश मालकी सरकारनं घेतली आणि हिंदुस्थान शिपयार्ड तयार झालं. म्हणजे वालचंद यांनी हयातभर ज्यांची स्वप्नं बघितली, त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांदेखत हातातून गेल्या.

शरीरानंही साथ सोडली होती. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. कारभार भाऊबंदांनी पुढं नेला.

मग सांगलीचं काय?

सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं. पुण्या-मुंबईबाहेरच्या पोरांना इंजिनिअरिंग शिकायला मिळावं, ही त्यामागची धडपड. खासगी कॉलेज चालवायचं तर यंत्रशाळा, प्रयोगशाळा, इमारती सगळ्याला पैसा लागतो. वालचंद यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मारक ट्रस्टची मदत या कॉलेजला मिळाली आणि १९५५ मध्ये त्याचं नाव झालं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग.

वालचंद यांच्या नावानं नगर आहे, कारखाने आहेत. इंदापूर तालुक्यात त्यांनी वसवलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यानं पुढं नौदलाच्या युद्धनौकांसाठी गिअरबॉक्स बनवले. पण सांगलीतलं कॉलेज जरा वेगळं आहे. जहाज बांधायला निघालेल्या माणसाला सगळ्यात जास्त कमी जाणवली ती शिकलेल्या कारागिराची आणि इंजिनिअरची. ती कमी भरून काढणाऱ्या जागेला त्यांचं नाव मिळालं.

सिंदिया कंपनीनं पुढची काही दशकं गाजवली. नरोत्तम मोरारजींच्या सूनबाई सुमती मोरारजी यांनी ती चालवली. जहाज मालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षपदी बसणाऱ्या त्या पहिल्या महिला. नंतर जहाजधंद्यात मंदी आली, कर्ज वाढलं आणि सिंदियाची जहाजं एकेक करून दिसेनाशी झाली.

पण हे व्हायच्या आधी १९६४ मध्ये सरकारनं एक दिवस निवडला. जलउषा पाण्यात उतरली तो १४ मार्च निवडता आला असता. तो तर यशाचा दिवस होता. पण निवडला गेला ५ एप्रिल, म्हणजे म्हाताऱ्या लॉयल्टीनं मुंबई सोडली तो दिवस.

कारण सोपं आहे. जलउषा बांधली गेली तेव्हा देश स्वतंत्र होता, पंतप्रधान हजर होते, सरकार पाठीशी होतं. लॉयल्टी निघाली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. होतं ते एक जुनं जहाज, नऊ दिवसांपूर्वी नोंदवलेली कंपनी, आणि समुद्राचा धंदा कशाशी खातात हे माहीत नसलेला सोलापूरचा एक रेल्वे कंत्राटदार. आधीच्या सगळ्यांना ज्यांनी बुडवलं होतं, त्यांच्याच वाटेत तो जहाज घेऊन उतरला होता.